ज्येष्ठांची कानतपासणी: कुठल्या क्रमाने करायची आणि मशीनचा विषय कधी काढायचा

ज्येष्ठ नागरिक संघात कानतपासणीचं शिबिर ठेवायचं ठरलं की पहिला फोन बहुतेक वेळा कानाचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, विकणाऱ्याला जातो. घोळ तिथेच सुरू होतो. हॉलमध्ये पंखे गरगरत असतात, चहाचे कप वाजत असतात, त्या गोंधळात दोन-चार मिनिटांत तपासणी उरकते आणि आलेल्या बहुतेकांना ‘मशीन लागेल’ असं सांगितलं जातं. काही जण घेतातही. सहा महिन्यांनी बघायला गेलात तर मशीन कपाटात, डबीसकट, सोन्याच्या कुड्यांशेजारी जपून ठेवलेलं सापडतं.

हा लेख संघाचे कार्यकर्ते, आशाताई आणि सोसायटीतले स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. घरी आईवडिलांपुरतं बघायचं असेल तर टप्पा 3, 4, 6 आणि 9 पुरेसे आहेत. एक गोष्ट पक्की धरा. इथे आपण फक्त चाळण लावतो आहोत. कोणाला पुढे पाठवायचं एवढंच त्यातून कळतं. कान किती गेला, कशाने गेला आणि मशीन कोणतं, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे श्रवणतज्ज्ञ) ठरवतील.

टप्पा 1: तारीख ठरवण्याआधी शेवट ठरवा

चाळणीत अडकलेल्या माणसाला पाठवायचं कुठे, हे कागदावर लिहिल्याशिवाय बॅनर छापू नका. तीन उत्तरं हवीत. कानात मळ किंवा पू दिसला तर कोणत्या डॉक्टरांकडे? पूर्ण श्रवणचाचणी कुठे, कोणत्या वारी, किती वाजता? आणि ज्यांना एकट्याने जाता येत नाही त्यांच्यासोबत कोण जाणार? पूर्ण चाचणीसाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं लागतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कुठेही पाठवा, पण आधी स्वतः फोन करून ऑडिओलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात ते विचारा. सत्तरीच्या माणसाचा एक हेलपाटा फुकट गेला की तो दुसऱ्यांदा येत नाही.

मग आकड्यांचा हिशेब. नीट तपासणीला माणशी किमान 20 मिनिटं लागतात. एक तपासणारा, सकाळचे तीन तास, म्हणजे नऊ माणसं. दोन टेबलं लावली तर अठरा. ‘200 ज्येष्ठांची मोफत तपासणी’ असा बॅनर छापलात तर आकडा गाठायच्या नादात तपासणीच गळून पडेल.

बोलवायचं कोणाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 50 ते 64 या वयात दर पाच वर्षांनी आणि 65 नंतर दर एक ते तीन वर्षांनी कान तपासावेत. तेव्हा ‘ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीच यावे’ असं लिहू नका. सूचनेत ‘बहिरेपणा’ हा शब्दही नको, तो वाचून निम्मे जण घरी बसतात. ‘टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का? आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं होतं का?’ असं विचारा. सूचना मोठ्या अक्षरांत छापा आणि सुनांच्या-मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. रिक्षावर भोंगा लावून कानतपासणीची दवंडी पिटलेली मी पाहिली आहे. ती ज्यांच्यासाठी होती ते सोडून बाकी सगळ्यांनी ऐकली.

सावध: शिबिराच्या दिवशी मशीन विकणारा किंवा वाटणारा कोणीही हॉलमध्ये बसवू नका. चहापाणी प्रायोजित करतो म्हणाला तरीही नाही.

टप्पा 2: खोली

मोठा हॉल नको, आतली लहान खोली घ्या. पडदे, गाद्या, सतरंज्या असतील तर उत्तम, रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल बाहेर. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या. शेजारी शाळा असेल तर मधल्या सुट्टीची वेळ विचारून ठेवा. गणपतीचे दिवस आणि लग्नाचे मुहूर्त टाळा.

मोबाइलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप 40 डेसिबलच्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर बरं. पण अ‍ॅपवर मी फार भरवसा ठेवत नाही, प्रत्येक फोन वेगळा आकडा सांगतो. त्यापेक्षा पुढची कसोटी घ्या.

तपासा: ज्याचे कान चांगले आहेत अशा विशी-पंचविशीतल्या मुलाला त्याच खुर्चीत बसवून हेडफोन लावा. चाचणीला जो आवाज वापरणार आहात तो दोन्ही कानांनी, प्रत्येक सुराला, त्याला ऐकू आला पाहिजे. त्यालाच ऐकू येत नसेल तर खोली नापास. यंत्र बिघडलंय का, हेही यातच कळतं. ही कसोटी रोज सकाळी आणि जागा बदलली की पुन्हा घ्या.

खुर्ची अशी ठेवा की बसणाऱ्याला तपासणाऱ्याची बोटं दिसणार नाहीत. बटण दाबताना हललेला खांदा पाहून हात वर करणारे आजोबा हमखास भेटतात. त्यात लबाडी नसते. वर्षानुवर्षं डोळ्यांनी ऐकायची सवय झालेली असते.

टप्पा 3: नावनोंदणी, आणि दारातच वेगळी काढायची माणसं

नोंदणीच्या टेबलावर कान उघडे ठेवून बसा, निम्मी तपासणी इथेच होते. ‘नाव काय तुमचं?’ असं विचारल्यावर एक आजोबा मान डोलावत म्हणाले, ‘कऱ्हाडजवळ.’ त्यांनी ‘गाव’ ऐकलं होतं. शेजारी बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, ‘नाव विचारतायत हो!’ आणि पुढची सगळी उत्तरं आजींनीच दिली. अशी जोडी दिसली की कागदाच्या कोपऱ्यात खूण करा, पुढच्या टप्प्यात उपयोगी पडते.

इथेच सहा गोष्टी विचारा: अलीकडे अचानक, दोन-तीन दिवसांतच, ऐकू येईनासं झालं का? कानातून पू किंवा रक्त येतं का? कान ठणकतो का? एकाच कानाने कमी ऐकू येतं, किंवा एकाच कानात सतत गुणगुण होते का? चक्कर येऊन आजूबाजूचं फिरल्यासारखं वाटतं का? चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली आहे का?

यातल्या एकाला जरी ‘हो’ आलं तरी शिबिरातली चाचणी करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे पाठवा. अचानक गेलेलं ऐकणं आणि वाकडा झालेला चेहरा या दोन्ही तातडीच्या गोष्टी आहेत, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. अचानक गेलेल्या कानावर औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त. ‘सर्दीने कान बसलाय, बघू आठवडाभर’ म्हणण्यात हेच दिवस जातात.

आधीपासून मशीन असेल तर नोंद करा आणि पुढच्या चाचण्या मशीन काढून घ्या.

टप्पा 4: आधी प्रश्न, यंत्र नंतर

लोक हाच टप्पा गाळतात, आणि नेमका इथेच खरा माल मिळतो. यंत्र कानाचं मोजमाप सांगतं. त्या कमी ऐकण्याने माणसाच्या दिवसाचं काय झालंय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. श्रवणचाचणीच्या ग्राफवर सारखेच कान असलेल्या दोघांपैकी एकाचं काहीच अडत नाही, दुसऱ्याने भजनी मंडळात जाणं सोडलेलं असतं.

यासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, ‘एचएचआयई-एस’ नावाची. 1983 साली व्हेंट्री आणि वाइनस्टाइन यांनी ती ज्येष्ठांसाठी बेतली. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर 4 गुण, ‘कधीकधी’ला 2, ‘नाही’ला 0. एकूण 40. बेरीज 8 पर्यंत असेल तर अडचण जाणवण्याएवढी नाही, 10 ते 24 म्हणजे सौम्य ते मध्यम अडचण, 26 पासून पुढे जास्त. 10 किंवा वर गेलं की पुढे पाठवायचं.

प्रश्नावली ऑडिओलॉजिस्टकडून घ्या. आपल्या मनाने प्रश्न बदलले, दोन गाळले, तीन वाढवले, तर हे गुण आणि या मर्यादा लागू राहत नाहीत. आपले प्रश्न विचारायचेच असतील तर वेगळ्या कागदावर, गुण न देता विचारा. मी विचारते ते असे: दारावरची बेल कळते का? फोनवर बोलताना फोन दुसऱ्याच्या हातात देता का? नातवाचं बोलणं कळतं की सुनेला विचारावं लागतं? बँकेत काचेपलीकडून बोललेलं समजतं का? चारचौघांत सगळे हसले की न कळता तुम्हीही हसता का? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण क्षणभर गप्प होतात.

नातवाचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. वयाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणून मुलांचं आणि बायकांचं बोलणं आधी निसटतं, आणि स, श, थ, फ यांसारखी अक्षरं शब्दातून गळतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. ‘ऐकू येतं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणार, आणि ते खोटंही नसतं.

नेहमीच्या चुका तीन. पहिली म्हणजे नवरा-बायकोला एकत्र बसवणं. आधी ज्येष्ठाला एकट्याला विचारा, मग घरच्यांना बाहेर वेगळं विचारा. दोन उत्तरांतला फरक लिहून ठेवा. ‘मला काही त्रास नाही’ आणि ‘टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू जातो’ ही दोन्ही विधानं एकाच घरातली असतात. दुसरी चूक म्हणजे प्रश्न खाली कागदाकडे बघून वाचणं. समोर, उजेडात, चेहरा दिसेल असं बसा. ऐकू येणं कमी वाटलं तर प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलेले दाखवा. तिसरी चूक घरच्यांचं ‘हल्ली फार विसरतात’ हे जसंच्या तसं लिहून घेणं. कधी विस्मरण खरंच असतं, त्याचीही तपासणी हवी. पण पुष्कळदा ते विसरलेले नसतात, त्यांनी मुळात ऐकलेलंच नसतं.

टप्पा 5: कानात बघणं

हे काम प्रशिक्षित माणसाचंच. ऑटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं दिव्याचं यंत्र, हातात आहे म्हणून स्वयंसेवकाने कानात घालू नये. डॉक्टर किंवा ऑडिओलॉजिस्ट नसतील तर बाहेरून दिसेल तेवढं बघा आणि पुढे जा. मळाने कान बंद असेल तर पुढची चाचणी मळाची होते, कानाची नाही. अशांना मळ काढून पुन्हा बोलवा.

सावध: शिबिरात काडी, पीन, चावी, कोमट तेल काहीही कानात घालायचं नाही. कापसाच्या काडीने मळ आत ढकलला जातो. पडद्याला भोक असेल तर तेलाने संसर्ग आत जातो. स्टेशनबाहेर कान कोरून देणाऱ्यांकडे कोणी नियमित जात असेल तर तेही लिहा.

टप्पा 6: कुजबुज चाचणी

यंत्र नाही, वीज नाही, पैसे नाहीत, आणि नीट केली तर चांगलं काम देते. बिघडवणंही तितकंच सोपं.

1. ज्येष्ठाला आधी समोरून समजावून सांगा: ‘काका, मी मागे उभी राहून हळू आवाजात तीन गोष्टी म्हणेन. जे ऐकू येईल ते म्हणायचं. अंदाजाने म्हटलं तरी चालेल.’ हे नेहमीच्या आवाजात करून एकदा सराव घ्या.

2. मागे, हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे 60 सेंटिमीटरवर उभ्या राहा. ओठ दिसता कामा नयेत. समोर काचेचं कपाट किंवा आरसा नाही ना, ते बघा.

3. जो कान तपासत नाही तो बंद करायचा. कानाच्या भोकापुढचा छोटा लवचीक उंचवटा बोटाने हलकेच दाबून गोल गोल चोळत राहा. त्या चोळण्याचा आवाज त्या कानाला गुंतवून ठेवतो. नुसता हात धरून चालत नाही.

4. श्वास पूर्ण बाहेर सोडा आणि मग कुजबुजा. छातीत हवा भरून कुजबुजलात तर आवाज मोठा निघतो. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात.

5. आकडा, अक्षर, आकडा: ‘पाच, म, दोन’. ज्यांची शाळा झाली नाही त्यांना नुसते आकडे द्या, एकअंकी. एकोणसाठ-एकोणसत्तर असले आकडे शांत खोलीत तरुणांनाही चकवतात.

6. तिन्ही बरोबर आले तर तो कान पास. नाहीतर तीन नव्या गोष्टी म्हणा. सहापैकी किमान तीन बरोबर आले तर पास, कमी आले तर पुढे पाठवा.

7. दुसऱ्या कानाला पूर्ण वेगळे आकडे. चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर तेच ‘पाच, दोन’ तोंडात येतात आणि बाहेर रांगेतला माणूस पाठ करून आत येतो.

चुकीचं उत्तरही लिहा. ‘सात’ म्हटलं आणि ‘आठ’ आलं, तर सुरुवातीचा ‘स’ गळला आहे. ऑडिओलॉजिस्टला असल्या नोंदीचा उपयोग होतो.

तपासा: दिवसभर एकाच माणसाने कुजबुजावं. दोन जण असतील तर सुरू करण्याआधी एकमेकांवर करून आवाज जुळवा. चाळिसाव्या मिनिटाला घसा कोरडा पडतो आणि कुजबुज मोठी होते, तेव्हा पाणी प्या.

आकडे गोंगाटात ऐकवून तपासणारी मोबाइल अ‍ॅपही आहेत, जागतिक आरोग्य संघटनेचंही आहे. हेडफोन लावून वापरायला हरकत नाही. मात्र आकडे ज्या भाषेत येतात ती अंगवळणी नसेल तर चाचणी कानाची न होता भाषेची होते.

टप्पा 7: सूर चाचणी

ऑडिओमीटर, म्हणजे ठरावीक सूर ठरावीक आवाजात ऐकवणारं यंत्र, असेल आणि चालवणारा शिकलेला असेल तरच. नसेल तर हा टप्पा सोडा, टप्पा 4 आणि 6 वर चाळण चालते.

चष्मा, टोपी, कुड्या, वेल काढायला सांगा. दागिने घरच्यांच्याच हातात द्या, स्वयंसेवकाने सांभाळायला घेऊ नयेत. लाल हेडफोन उजव्या कानाला, निळा डाव्या. माणूस बदलला की हेडफोन पुसून घ्या. ज्या कानाने बरं ऐकू येतं असं ते सांगतात त्या कानापासून सुरुवात करा. आधी एक मोठा सूर ऐकवा, ‘हे ऐकू आलं की बोट वर, अगदी बारीक आलं तरी.’ मग 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ, प्रत्येक सूर एक-दोन सेकंद. मधलं अंतर कमीजास्त ठेवा. ठेका लागला की लोक ठेक्यावर बोट वर करतात. तीनपैकी दोनदा प्रतिसाद आला तर तो सूर ऐकू आला असं धरायचं.

आवाजाची पातळी ऑडिओलॉजिस्टशी आधी ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत बऱ्या कानाला 35 डेसिबलपेक्षा जास्त तूट म्हणजे अडसर ठरणारा श्रवणदोष, म्हणून आमच्याकडे 35 वर चाळण लावतात. 25 वर लावलीत तर सौम्य तूटही सापडेल, पण पाठवायची यादी रुग्णालयाला झेपणार नाही एवढी लांबते. पातळी कोणतीही असो, ती कागदावर लिहा आणि शिबिराच्या मध्येच बदलू नका.

टप्पा 8: निकाल सांगणं

‘नापास’ हा शब्द नको. ‘तुम्हाला 40 टक्के ऐकू येत नाही’ असलं काही तर मुळीच नको, चाळण टक्के सांगत नाही. ‘काकू, डाव्या कानाची पूर्ण तपासणी करून घेतलेली बरी. मंगळवारी, या पत्त्यावर, ही चिठ्ठी घेऊन,’ एवढं बास. तेच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. सांगितलेलं ऐकू आलंय असं धरून चालू नका, ते कशासाठी आले होते ते आठवा! ‘कधी जायचं म्हणालो मी?’ असं त्यांनाच विचारून खात्री करा.

चाळणीतून सुटलेल्यांनाही सांगा की ही आजची गोष्ट आहे, पुढे त्रास जाणवला तर वाट बघू नका.

टप्पा 9: मशीनबद्दलचं मन

कान आणि मन या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. कान कितीही कमी असू दे, मन नसेल तर मशीन कपाटातच जाणार. म्हणून हा भाग निकालानंतर, बसून, घाई न करता करा. शिबिरातच उरकला नाही तर आठवड्याने घरी जा. मी तर घरी जाणंच पसंत करते.

सुरुवात ओळखीच्या माणसांपासून करा: ‘तुमच्या माहितीत कानाचं मशीन कोण वापरतं? त्यांचं कसं चाललंय?’ मनात काय आहे ते या उत्तरातून बाहेर येतं. मग दोन प्रश्न आण्यांत विचारा. एक ते दहा गुण द्या म्हटलं की आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी गोंधळतात, पण रुपयाचे सोळा आणे त्यांच्या हाडात मुरलेले आहेत. ‘कमी ऐकू येण्याचा त्रास किती आणे?’ आणि ‘रोज कानात मशीन घालायची तयारी किती आणे?’

त्रास बारा आणे आणि तयारीही बारा आणे असेल तर पुढच्याच आठवड्यात पाठवा. त्रास बारा आणे पण तयारी चार आणे असेल तर पूर्ण चाचणीला पाठवा, मशीनचं नाव काढू नका आणि घरातलं बोलणं सुधारण्यापासून सुरुवात करा. त्रास चार आणे आणि तयारी चौदा आणे आली तर मागे कोण ढकलतंय ते बघा, बहुधा मुलगा परदेशातून पैसे पाठवायला तयार असतो. हे माप आमचं घरगुती आहे, त्याचे गुण कुठल्या फॉर्मवर लिहू नका. बोलणं सुरू करण्यापुरतं ते कामाचं आहे.

नेहमी ऐकू येणारी वाक्यं आणि त्यांचं काय करायचं:

‘अजून एवढा बहिरा झालो नाही.’ वाद घालू नका, ग्राफ तोंडासमोर नाचवू नका. ‘बरोबर आहे. पण एक जागा अशी सांगा, जिथे नीट ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.’ कोणी कीर्तन म्हणतो, कोणी नातीचा फोन. तेवढीच जागा लिहून घ्या. पुढे मशीन जमलं की नाही, ते त्याच जागेवर तपासायचं.

‘शेजारच्या नानांचं पडलंय कपाटात.’ का पडलंय ते शोधून काढा. एकाच कानाला घेतलेलं, दुकानातून उचललेलं, एकदाही परत जाऊन आवाज जुळवून न घेतलेलं, अशी कारणं निघतात. नाना तयार असतील तर त्यांचंही मशीन तपासायला न्या. ते सुरू झालं तर दुसरी जाहिरात लागत नाही.

‘मशीनने उरलासुरला कानही जातो.’ तपासून, कानाला जुळवून दिलेल्या मशीनने जात नाही. सगळेच आवाज सरसकट वाढवणारी स्वस्त यंत्रं ऑनलाइन मिळतात, त्यांचा आवाज मात्र कानाला जास्त होऊ शकतो. ती म्हणजे श्रवणयंत्र नव्हे.

‘या वयात आता कशाला खर्च?’ याचे अर्थ दोन. कधी खरंच पैसा नसतो, कधी आपण मुलांवर ओझं झालो असं वाटत असतं. मुलगा समोर असताना हे उलगडत नाही. आजी ‘मला कुठे बाहेर जायचंय?’ म्हणतात तेव्हा तर नीट ऐका. मशीन केसांत, पदराआड सहज लपतं, दिसण्याची अडचण त्यांना कमी असते. घरातला पैसा आपल्यावर सगळ्यांत शेवटी खर्च व्हावा, ही सवय आडवी येते.

सावध: ‘चष्म्यासारखंच तर आहे’ हे वाक्य वापरू नका. सगळे वापरतात, मी सोडून दिलं. चष्मा लावला की अक्षर त्याच क्षणी दिसतं. मशीन लावल्यावर मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला आठवडे लागतात. चष्म्याची उपमा देऊन पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘चालत नाही’ म्हणून मशीन काढून ठेवतो, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच असतं.

तयारी असो वा नसो, घरच्यांना हे आजच सांगा: आधी नाव घेऊन हाक मारा, समोर उजेडात येऊन बोला, मिक्सर-टीव्ही बंद करा. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, गळालेली व्यंजनं परत येत नाहीत आणि तोंड मात्र रागावल्यासारखं दिसतं. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदला.

टप्पा 10: कागद आणि पैसे

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकदाच 3000 रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे, त्या साधनांत श्रवणयंत्र येतं. जुळवून दिलेल्या डिजिटल मशीनला एवढे पैसे पुरत नाहीत, हे आधीच सांगून टाका. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत साधनं दिली जातात. दोन्हीकडे अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारा.

दिव्यांग प्रमाणपत्राची आशा सरसकट दाखवू नका. 2016 च्या कायद्यानुसार ‘ऐकण्यास कमी’ म्हणजे बोलण्याच्या सुरांवर दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची तूट. वयाने कान कमी झालेल्या पुष्कळांची तूट त्याच्या आत असते.

मशीन घेताना तीनच गोष्टी विचारायला शिकवा: घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील? आवाज जुळवायला पुन्हा किती वेळा येता येईल, आणि त्याचे पैसे वेगळे का? बॅटरी कोणती? बॅटरी बदलून दाखवा म्हणावं, ज्येष्ठांच्या स्वतःच्या बोटांनी. सांधे धरलेल्या बोटांना 10 नंबरची इवलीशी बॅटरी जमत नाही. तिथे 13 नंबरचं किंवा चार्जिंगचं मशीन बरं पडतं.

टप्पा 11: पहिले दोन महिने

पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, एका माणसाशी गप्पा, दिवसाला दोन-तीन तास. मग ओसरी, मग बाजार. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेऊ नका. पेपरची पानं, बांगड्या, नळ, स्वतःचं चावणं हे सगळं कर्कश वाटेल, हे आधी सांगितलेलं असलं म्हणजे घाबरत नाहीत. शीळ वाजत असेल तर मशीन कानात नीट बसलेलं नाही किंवा मळ साचलाय. कान दुखत असेल तर सहन करायचं नाही, परत जायचं.

मशीनच्या बटणासारख्या झिंक-एअर बॅटरीची चिकटपट्टी काढली की ती हवा घेऊन सुरू होते. काही मिनिटं थांबून मगच मशीनमध्ये घाला. पट्टी परत चिकटवून वाचवता येत नाही. रात्री मशीनमधल्या बॅटरीच्या कप्प्याचं दार उघडं ठेवा. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच सिलिका जेलच्या डबीत ठेवणं भाग आहे.

सावध: बटणासारखी बॅटरी नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळली असा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय.

पाठपुरावा एक आठवडा, एक महिना आणि तीन महिन्यांनी. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही पाठपुराव्यासाठी सगळ्यांना फोन केले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना! ‘हो, हो, छान आहे’ अशी उत्तरं आली, ती आम्ही वहीत उतरवून घेतली आणि खूशही झालो. आता घरी जातो. ‘मशीन वापरता का?’ असं विचारत नाही, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आज सकाळी कधी घातलं?’ विचारतो, टप्पा 9 मध्ये लिहून घेतलेली ती एक जागा कशी चाललीय ते विचारतो, आणि मग बॅटरीचं पाकीट बघायला मागतो. सहाच्या पाकिटात महिन्याने सहाच उरल्या असतील, तर पुढची भेट ऑडिओलॉजिस्टकडे, आपण सोबत जाऊन.